छत्रीच्या वाटेत माड: मारायचा की ठेवायचा?

कुळागरकार | २४ सप्टेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात टाकतोय, पण प्रश्न निम्मा बागायतीचा आहे.

आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ, कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत. कौलारू आहे, आणि मागच्या पडवीच्या कोपऱ्यावर लोखंडी पाइपाला डीडी फ्री डिशची छत्री. दरमहा पैसे भरायचे नाहीत म्हणून बाबांनी हट्टाने लावून घेतलेली. सह्याद्री वाहिनी आणि बातम्या, यापलीकडे त्यांची मागणी नाही. चवथीच्या आधीपासून चित्राचे चौकोन पडायला लागले. वारा सुटला की जास्तच. बाजारातल्या दुकानाचा माणूस आला, छत्रीच्या मागे उभा राहिला, समोर बोट दाखवलं आणि म्हणाला, "हो माड आड येता. मारूंक जाय."

माड ऐन भरात आहे. नारळ पाडणारा पाडेली दर खेपेला त्याचंच कौतुक करतो. आई म्हणते टीव्ही काढा. बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त कठीण.

खरंच माड तोडावा लागेल का? हा उपग्रह नेमका आहे कुठे? वाड्यावरच्या सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून बसल्यात, एवढंच मला कळतं.

खट्याळ काजू | २४ सप्टेंबर, रात्री ९.३२

माड ठेवा, माणूस बदला.

२०१६ मध्ये सरकारने कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून माडाला वगळलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो ना? आता छत्रीसाठी माड मारला तर वाड्यावर मोर्चा येईल. मीच आणेन.

मोजपट्टी | २४ सप्टेंबर, रात्री ११.०५

कुळागरकार, कुऱ्हाड आधी खाली ठेवा.

फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-१५ वरून होतं. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये एरियन रॉकेटवरून गेला. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किमी उंचीवर असतो. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते, म्हणजे पृथ्वीला स्वतःभोवती एकदा फिरायला लागतो तेवढ्याच वेळात. म्हणून सेकंदाला तीन किमीच्या वेगाने धावत असूनही आपल्या आकाशातली त्याची जागा बदलत नाही, आणि छत्री एकदा बसवली की फिरवावी लागत नाही.

फोंड्याहून ही जागा कुठे येते ते गणिताने काढता येतं. दिशा उत्तरेकडून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजली तर सुमारे १२७ अंश, म्हणजे आग्नेयेच्या जरा पूर्वेला. आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६१ अंश. हा ६१ महत्त्वाचा. तुमचा सिग्नल समोरून येत नाही, चांगला डोक्यावरून येतो.

दुकानाचा माणूस फसला त्याचं कारण सांगतो. हल्लीच्या लहान छत्र्या ऑफसेट जातीच्या असतात. एलएनबी, म्हणजे सिग्नल झेलणारी डबी, मधोमध नसते, खालून पुढे आलेल्या दांड्यावर असते. त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे वाटतं, त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून ती सिग्नल घेते. मागे उभं राहून सरळ बघितलं तर ती माडाकडेच पाहतेय असं वाटणार. गावोगावी अशी कितीतरी निरपराध झाडं गेली असतील.

हिशेब सोपा आहे. माडाचा शेंडा छत्रीपेक्षा जितका उंच, त्याच्या साधारण ०.५५ पट अंतराच्या आत माड असेल, आणि तोही नेमक्या त्याच दिशेला, तरच तो आड येतो. छत्री चार मीटरवर आणि माड पंधरा मीटरचा असेल तर फरक अकरा मीटर, म्हणजे माड सहा मीटरच्या आत हवा. झावळ्यांचा पसारा धरून आणखी थोडं वाढवा. तुमचा किती लांब आहे?

वसरी | २५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

मोजपट्टी, छान समजावलंत.

छत्र्या एका दिशेला तोंड करून असतात त्यावरून आठवलं. आमच्या लहानपणी कौलांवर छत्री नव्हती, ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना असायचा आणि तो पणजीकडे वळवलेला. कावळा बसला की चित्र गेलं. भाऊ कौलांवर, मी वसरीत आणि आई खिडकीत, असा निरोपाचा प्रवास चालायचा. रविवारी सकाळी पौराणिक मालिकेला शेजारच्या दहा घरांची माणसं आमच्या सोप्यावर.

पण तेव्हाही 'उपग्रहावरून आलेला कार्यक्रम' असं म्हणायचे. मग आमचा अँटेना उपग्रहाकडे का नसायचा?

मोजपट्टी | २५ सप्टेंबर, सकाळी ८.५५

कारण तो उपग्रह तुमच्या घराशी नाही, प्रक्षेपकाशी बोलायचा. दिल्लीहून कार्यक्रम वर जाई, उपग्रह तो खाली देशभर पसरी, ठिकठिकाणच्या लघुशक्ती प्रक्षेपकांवरच्या मोठ्या छत्र्या तो झेलत आणि साध्या टीव्ही लहरींवर पुन्हा सोडत. तुमच्या दांड्यांना मिळायचा तो हा दुसरा सिग्नल. १९८४ मध्ये काही महिने तर देशात जवळपास दिवसाला एक प्रक्षेपक उभा राहत होता.

ही सगळी इमारत इन्सॅट-१बीवर उभी होती. त्याच्या आधीचा इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरपर्यंत निकामी झाला. १बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून निघाला. त्याचंही सौरपंख लवकर उघडेना, नियंत्रण कक्षातल्यांची दोन आठवडे झोप उडाली. उघडलं एकदाचं, आणि ऑक्टोबरपासून तो कामाला लागला. टीव्ही, टेलिफोन, वर हवामानाचा कॅमेरासुद्धा. बातम्यांच्या शेवटी दिसणारं ढगांचं चित्र त्याचंच.

आता गोवेकरांसाठी खास. इन्सॅट-१बीची जागा होती ७४ अंश पूर्व. नकाशा काढा आणि फोंड्याचा रेखांश बघा.

वसरी | २५ सप्टेंबर, सकाळी ९.२०

७४.०१! म्हणजे तो आमच्या डोक्यावर होता?

मोजपट्टी | २५ सप्टेंबर, सकाळी ९.४१

डोक्यावर नाही. भूस्थिर, म्हणजे असा आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह विषुववृत्त सोडत नाही. ७४ अंशांवरचा उपग्रह मालदीवच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रावर असतो. पण फोंड्याहून बघायचं तर अगदी सरळ दक्षिणेला, ७२ अंश वर. बाकी बहुतेक देशाला छत्री थोडी डावी-उजवी करावी लागायची, गोव्याला फक्त दक्षिण धरायची. ही जागा रिकामी राहिलेली नाही. हवामानाचा कल्पना-१ तिथेच होता, पुढे इन्सॅट-३डीआर तिथे आला.

दोनापावला | २५ सप्टेंबर, दुपारी १.१५

थोडं अवांतर, पण याच भागाची एक गंमत आहे. पृथ्वीचं विषुववृत्त पूर्ण गोल नाही, किंचित चेपलेलं आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेतला उपग्रह इंधन न वापरता सोडून दिला तर जागेवर राहत नाही. हळूहळू पूर्वेला किंवा पश्चिमेला घसरू लागतो. या घसरणीची दोनच स्थिर ठिकाणं आहेत: एक ७५ पूर्वेजवळ, दुसरं १०५ पश्चिमेजवळ. आपल्या बाजूला इंधन संपून तसाच राहिलेला उपग्रह वर्षानुवर्षं ७५ च्या आजूबाजूला झोके घेत राहतो.

म्हणजे ७४ वर उपग्रह ठेवणाऱ्याला पूर्व-पश्चिम सावरायला इंधन फार कमी लागतं. खरा खर्च उत्तर-दक्षिणेचा. सूर्य आणि चंद्र त्याची कक्षा दरवर्षी जवळजवळ एक अंशाने कलवू बघतात, ती सरळ करण्यातच इंधनाचा मोठा हिस्सा जातो. उपग्रहाचं आयुष्य १२-१५ वर्षं म्हणतात ते बहुतेक वेळा या टाकीवरून. यंत्रं ठणठणीत असतात, टाकी रिकामी होते. शेवटचं थोडं इंधन राखून त्याला सुमारे तीनशे किमी वर ढकलून द्यायचं असा दंडक आहे, म्हणजे जागा मोकळी होते. सगळेच पाळतात असं नाही.

हे सगळं चालवणारं इस्रोचं मुख्य नियंत्रण केंद्र कर्नाटकात हासनला आहे, गोव्यापासून फार लांब नाही.

केबलचा पोर | २५ सप्टेंबर, रात्री १०.०२

सरकारी उपग्रहांचं कौतुक झालं, आता आमच्याकडे या. मी म्हापशाला एका केबलवाल्याकडे शाळकरी वयात लुडबुड करायचो. गच्चीवर माणसापेक्षा मोठी जाळीची छत्री, आंब्यांवरून आणि चिऱ्यांच्या गडग्यांवरून ओढलेली काळी वायर. महिन्याचे पैसे गोळा करायला मला पाठवायचे. लोक पैशांऐवजी चहा द्यायचे.

ती छत्री एशियासॅट-१ कडे, १०५.५ पूर्वेला. १९९१ मध्ये स्टारच्या वाहिन्या त्याच्यावरून सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी. त्या उपग्रहाची कुंडली मला नंतर कळली, आणि ती कुठल्याही मालिकेपेक्षा भारी आहे.

त्याचं पहिलं नाव वेस्टार-६. अमेरिकन. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजरमधून सोडला, पण वर ढकलणारी मोटर फसली आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. विमा कंपन्यांनी पैसे भरले. मग नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान गेलं, अंतराळवीरांनी बाहेर पडून तो आणि त्याच्यासोबतचा पालापा बी-२ असे दोन्ही पकडून परत आणले. पकडल्यावर जो ॲलन आणि डेल गार्डनर यांनी 'विकणे आहे' अशी पाटी हातात धरून फोटो काढला. तो फोटो खरा आहे, शोधून बघा. पुढे दुरुस्ती झाली, हाँगकाँगच्या एशियासॅटने तो घेतला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च रॉकेटने पुन्हा वर गेला.

आपण सगळे मोठे झालो ते एका सेकंड हँड उपग्रहावर.

खट्याळ काजू | २५ सप्टेंबर, रात्री १०.१९

सेकंड हँड म्हणजे एकदा पडलेला, विमा मिळालेला, दुसऱ्या राज्याच्या नंबरप्लेटवर फिरणारा. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या स्कूटरी अशाच.

नवा सभासद ७७ | २६ सप्टेंबर, सकाळी १०.३०

माफ करा, पण २४ अंशाची छत्री आणि ६१ अंशाचा माड यात वेळ का घालवताय? फायबर घ्या, मोबाइलवर सगळं दिसतं. उपग्रह टीव्ही संपलेली गोष्ट आहे.

सत्तरीकर | २६ सप्टेंबर, दुपारी ३.४८

एकदा पावसाळ्यात आमच्याकडे येऊन हे वाक्य परत म्हणा.

वाळपईच्या पुढे आमचा गाव, मागे घाट. पणजीहून येणारा जुना टीव्ही सिग्नल डोंगरामागे मुंग्यांसारखा यायचा. हल्ली फायबर आलाय, पण जून ते ऑगस्टमध्ये एक मोठं झाड वायरीवर पडलं की पुढचे दिवस मोजायचे. छत्रीला मधल्या डोंगराशी काही देणंघेणं नाही, ती सरळ वर बघते. २०१९ पासून डीडी गोवाही फ्री डिशवर आला. पणजीत झालेलं भजन आम्हाला दिसतं, पण ३६ हजार किमी वर जाऊन आणि तेवढंच खाली येऊन. रस्त्याने पणजी पन्नास किमीच्या आतच आहे.

दुसरं असं, उपग्रहाला एक घर आणि एक कोटी घरं सारखीच. इंटरनेटवर प्रत्येक बघणाऱ्याला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो, मॅचच्या दिवशी तो गुदमरतो. उपग्रहाला गर्दी कळतच नाही. म्हातारी माणसं, महिन्याला पैसे न देणारी घरं, डोंगरापलीकडची गावं यांच्यासाठी छत्रीच आहे.

नवा सभासद ७७ | २६ सप्टेंबर, दुपारी ४.१०

मान्य नाही. दहा वर्षांनी बघू.

केबलचा पोर | २६ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

मॅचवरून: आमच्या इमारतीत छत्रीवाल्याच्या घरातून 'आऊट' ओरडल्यावर बऱ्याच वेळाने माझ्या मोबाइलवर गोलंदाज धावायला लागतो. वर-खाली ७२ हजार किमी जाऊन छत्री पुढे कशी?

मोजपट्टी | २६ सप्टेंबर, रात्री ८.१५

कारण ७२ हजार किमीला प्रकाशाच्या वेगाने पाव सेकंदच लागतो. बाकी उशीर चित्र दाबून लहान करण्यात आणि उलगडण्यात जातो, तो दोघांनाही आहे. मोबाइलवर त्याशिवाय चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून, थोडा साठा जमवून मग दाखवतात, म्हणून तुम्ही मागे. जुन्या उपग्रह टेलिफोनवर मात्र तो पाव सेकंद जाणवायचा. दोघं एकदमच बोलायला लागायचे.

कुळागरकार | २७ सप्टेंबर, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. धागा भलतीकडे गेला पण मजा आली. माड छत्रीपासून मोजला, जवळजवळ नऊ मीटर भरला. तुमच्या हिशेबाने सुटतो, पण झावळ्या धरल्या तर काठावर. आणि आसपास पोफळींची दाटी आहे, दिशेचा नीट अंदाज येत नाही. मोबाइलचं होकायंत्र पत्र्याजवळ वेडंवाकडं फिरतं. पावसात तर सगळंच जातं, ते वेगळं का?

मोजपट्टी | २७ सप्टेंबर, रात्री ९.५०

पावसाचं वेगळंच. फ्री डिश केयू पट्ट्यात आहे, लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर. दाट पावसाचे थेंब तिची ताकद खातात. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या सी पट्ट्यात, साडेसात सेंटिमीटरवर चालायच्या, त्यांना पाऊस फारसा अडवत नसे. मोठा ढग सरला की चित्र आपोआप परत येतं, त्याला हात लावू नका. मात्र पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र येत नसेल तर एलएनबीचं टोपण आणि वायरीचा जोड बघा. आपल्या हवेत तिथे पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं.

आता दिशा. तुमचं नशीब चांगलं, कारण बरोबर तारखेला विचारलंत. वर्षातून दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. फोंड्याहून जीसॅट-१५ च्या बाबतीत ही वेळ २९-३० सप्टेंबरच्या सुमारास, सकाळी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना. तेव्हा सूर्य जिथे, उपग्रह तिथे. त्या वेळी छत्रीवर कुठल्या झाडाची सावली पडते तेवढं बघा. जे झाड सावली टाकेल तेच आड येतंय. होकायंत्र नको, कोन मोजायला नको.

त्याच वेळी आजूबाजूचे चार-पाच दिवस काही मिनिटं चित्रही बिघडेल, कारण सूर्य स्वतःच रेडिओलहरींचा मोठा गोंगाट करतो आणि छत्री थेट त्याच्याकडे बघत असते. घाबरून दुकानाच्या माणसाला बोलावू नका.

वसरी | २७ सप्टेंबर, रात्री १०.०५

हे अफाट आहे. मीही बघणार.

संपादक मंडळ | २८ सप्टेंबर, सकाळी ११.००

कोंकणी की मराठी वाहिनी जास्त हव्यात यावरचे प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे सात धागे आहेत.

कुळागरकार | ३० सप्टेंबर, दुपारी १२.२०

काल ढग होते. आज ऊन पडलं. बाबा साडेदहापासून पडवीत खुर्ची टाकून बसले होते, हातात घड्याळ.

माडाची सावली स्वयंपाकघराच्या कौलांवर, छत्रीच्या बरीच बाजूला. छत्रीवर पडली ती दोन पोफळींच्या शेंड्यांची, आणि वाऱ्याने ती आत-बाहेर करत होती. चौकोन वाऱ्यातच का पडायचे त्याचं उत्तर मिळालं. या पोफळी छत्री लावली तेव्हा बुटक्या होत्या. त्याही तोडत नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला सावली अजिबात येत नाही हे त्याच वेळी बघून घेतलं, खडूने खूण केली. पाइप तिथे हलवायचा, वायर थोडी वाढवायची. गावातला वायरमन उद्या येतोय.

दुकानाच्या माणसाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तरी माड मारिल्लो बरो."

खट्याळ काजू | ३० सप्टेंबर, दुपारी १२.३१

त्याचा माडाशी जुना वाद दिसतोय. काजीच्या हंगामात नारळ डोक्यात पडला असणार.

सत्तरीकर | ३० सप्टेंबर, दुपारी १.०५

आमच्याकडे एका घरी ८३ पूर्वेची छत्री आहे, त्यांच्यासाठीही हेच चालेल?

मोजपट्टी | ३० सप्टेंबर, दुपारी २.४०

चालेल. तारीख हीच, वेळ बदलते. ८३ पूर्वेचा उपग्रह तुमच्याकडून जास्त दक्षिणेला आणि जास्त वर, साधारण ६९ अंशांवर आहे. सूर्य तिथे पावणेबाराच्या सुमारास पोहोचतो. उद्याही बघितलं तर फार फरक पडणार नाही. ढगांमुळे हुकलं तर पुढची संधी १३-१४ मार्चला. मार्चमध्ये सूर्याचं घड्याळ जरा मागे पडतं, म्हणून ९३.५ साठी तेव्हा सव्वाअकरा धरा आणि ८३ साठी बारा.

वसरी | ३० सप्टेंबर, दुपारी ३.१२

मार्चमध्ये आमच्या घरी परीक्षा असते. छत्रीवर सावली पडो न पडो, टीव्ही बंदच.